आयकॅनच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर टीका कशी लिहावी

डोमेन नावांचा जगभरचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने आपल्या ८५ व्या सार्वजनिक सभेसाठी, म्हणजे मार्च २०२६ साठी, मुंबईची निवड केली, तेव्हापासून मला ओळखीच्या मंडळींचे एकाच प्रकारचे फोन येऊ लागले. कोणी एखाद्या ट्रस्टचे संकेतस्थळ सांभाळतो, कोणी विधी महाविद्यालयात शिकतो, कोणी अंधेरीत सर्व्हर भाड्याने देतो. आणि प्रत्येकाला या संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याबद्दल काहीतरी खरमरीत लिहायचे असते. गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाचा मानद चिटणीस म्हणून त्याचे डॉट ऑर्गने संपणारे नाव मी गेली पंधरा वर्षे दरवर्षी पैसे भरून टिकवत आलो आहे आणि त्या निमित्ताने आयकॅनला आजवर चार पत्रे लिहिली आहेत. त्यांतली पहिली दोन फुकट गेली. ती का फुकट गेली हे समजायला मला जेवढा वेळ लागला तेवढा इतरांना लागू नये, म्हणून ही मांडणी.

तक्रार त्याच संस्थेची आहे ना?

आयकॅन ही १९९८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नोंदवलेली, नफा न कमावणारी संस्था आहे आणि तिचे मुख्यालय लॉस एंजेलिसमध्ये आहे. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारखी शेपटाची नावे कोणी चालवायची, त्यांच्या करारांत कोणत्या अटी असाव्यात, आयपी पत्त्यांचे (इंटरनेटवरच्या यंत्रांना दिलेल्या क्रमांकांचे) मोठे गठ्ठे पाच विभागीय संस्थांकडे कसे जावेत आणि इंटरनेटच्या मूळ यादीत कोणती नोंद व्हावी, साधारण एवढाच तिचा संसार. १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत या मूळ यादीच्या कामावर अमेरिकी सरकारच्या वाणिज्य खात्याचा करार होता. तो संपल्यापासून तिच्यावर कोणत्याही एका सरकारचा थेट अंकुश उरलेला नाही. एखाद्या संकेतस्थळावरचा मजकूर, फोनवर आलेली फसवी लिंक किंवा एखाद्या जिल्ह्यात बंद केलेले इंटरनेट यांपैकी काहीही तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाती नसते, आणि तरीही मला वाचायला दिलेल्या मसुद्यांपैकी निम्मे याच विषयांवर असतात.

या बाबतीत २०२२ चे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर फेब्रुवारीच्या अखेरीस युक्रेन सरकारने आयकॅनकडे मागणी केली की रशियाचे डॉट आरयू हे नाव मूळ यादीतून काढावे. तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी योरान मारबी यांनी २ मार्चला उत्तर पाठवून नकार दिला. संस्थेचे काम इंटरनेट चालू ठेवण्याचे आहे, ते दंड म्हणून तोडण्याचे नाही, असा त्याचा आशय होता. त्या आठवड्यात मारबींवर रशियाची बाजू घेतल्याचा ठपका ठेवणारे बरेच लिखाण झाले. पण देशांची नावे त्या त्या देशातील यंत्रणा चालवतात आणि एका सरकारच्या सांगण्यावरून दुसऱ्या देशाचे नाव पुसण्याची पद्धत संस्थेकडे नाही, हे ध्यानात घेतले तर तो ठपका टिकत नाही. मारबींच्या कारकिर्दीवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, त्याकडे मी पुढे येणारच आहे. मात्र हा नकार त्या यादीत घालणारा लेखक पहिल्याच परिच्छेदात आपली पत घालवून बसतो.

पत्रावर नाव कोणाचे घालायचे

गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्या मुंबईकराला ही गोष्ट लवकर समजते. व्यवस्थापकाने पाण्याच्या टाकीचे कंत्राट भलत्यालाच दिले तर आपण व्यवस्थापकाशी भांडतो खरे, पण पत्र लिहितो ते कार्यकारी समितीच्या सचिवाला, कारण व्यवस्थापकाला नेमणारी आणि काढणारी ती समिती असते. आयकॅनचेही तसेच आहे. तिच्या संचालक मंडळात मताधिकार असलेले १६ जण असतात. त्यांतले आठ नामनिर्देशन समिती निवडते, सहा जण पत्ते, देशांची नावे आणि सर्वसामान्य नावे (डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारखी) यांच्याशी संबंधित तीन घटकांकडून प्रत्येकी दोन असे येतात, एक जण सामान्य वापरकर्त्यांच्या गटाकडून येतो, आणि सोळावा सदस्य म्हणजे पदसिद्ध असलेला मुख्य कार्यकारी अधिकारी. त्याला मंडळ नेमते, त्याचा पगार मंडळ ठरवते आणि त्याला घरी पाठवण्याचा अधिकारही मंडळाकडेच असतो.

सोसायटीशी साम्य इथे संपते. आपल्याकडे समितीच्या वर सर्वसाधारण सभा असते. आयकॅनला त्या अर्थाने सभासदच नाहीत. २००० साली जगभरच्या सामान्य वापरकर्त्यांनी ऑनलाइन मतदान करून पाच संचालक निवडले होते. त्यांतले उत्तर अमेरिकेचे कार्ल आउरबाख यांनी संस्थेचे हिशेब पाहायला मागितले, तेव्हा व्यवस्थापनाने गुप्ततेच्या अटी पुढे केल्या. शेवटी त्यांना कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात जावे लागले आणि जुलै २००२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. निवडून आलेल्या संचालकाला स्वतःच्याच संस्थेची खतावणी पाहण्यासाठी दावा लावावा लागावा, ही बाब मला आजही विलक्षण वाटते. त्यानंतरच्या फेररचनेत थेट मतदानाची पद्धतच गेली. २०१६ नंतर समुदायाला, म्हणजे संस्थेच्या कामात भाग घेणाऱ्या गटांना, काही अधिकार मिळाले: अर्थसंकल्प नाकारता येतो, एखाद्या संचालकाला काढता येते, सगळे मंडळही परत बोलावता येते, परंतु उपविधी बारकाईने वाचल्या तर दिसते की संपूर्ण मंडळ परत बोलावतानाही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची जागा त्यातून वगळलेली आहे.

यावरून पत्राचा मायना ठरतो. ‘माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी’ या मायन्याने लिहिलेली टीका ज्याच्यावर टीका आहे त्याच्याच टेबलावर पडते. ती संचालक मंडळाच्या अध्यक्षांना लिहावी आणि प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला द्यावी. माझे पहिले पत्र उलट क्रमाने गेले होते. पोच आली, उत्तर आले नाही.

मंडळाला लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. पुष्कळदा दोष मुळात मंडळाचाच असतो. मारबींनी डिसेंबर २०२२ मध्ये राजीनामा दिल्यानंतर सॅली कॉस्टर्टन यांनी हंगामी कार्यभार घेतला आणि कुर्टिस लिंडक्विस्ट यांनी सूत्रे हाती घेतली ती डिसेंबर २०२४ मध्ये. दोन वर्षे एवढ्या मोठ्या संस्थेला हंगामी नेतृत्व असेल तर त्या काळात धोरणे रेंगाळल्याबद्दल हंगामी अधिकाऱ्याला धारेवर धरण्याऐवजी निवड करणाऱ्यांना विचारणे रास्त ठरते. त्याचप्रमाणे लिंडक्विस्ट यांच्या नावाने आज पत्र लिहिताना २०१९ चे करार त्यांच्या माथी मारू नयेत. हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

माणसाकडून निर्णयाकडे

आता मुख्य मुद्दा. ‘नेतृत्व’ या शब्दावर टीका लिहिता येत नाही, निर्णयावर लिहिता येते. कोणता निर्णय, कोणत्या तारखेचा, कोणत्या कागदावर, तो घेण्याचा अधिकार कोणाला होता आणि तो थांबवण्याची संधी कोणाला होती, या पाच गोष्टी हाती आल्याशिवाय लेखणी उचलू नये. डॉट ऑर्गच्या प्रकरणातून मी हे शिकलो, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

डॉट ऑर्ग चालवणाऱ्या पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री या संस्थेशी असलेल्या करारात घाऊक दर वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवता येणार नाही अशी अट होती. मारबी प्रमुख असताना, २०१९ मध्ये, करार नव्याने करताना आयकॅनने ती अट वगळण्याचा प्रस्ताव मांडला आणि मार्च-एप्रिलमध्ये लोकांच्या सूचना मागवल्या. तीन हजारांहून अधिक सूचना आल्या आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या विरोधात होत्या. ३० जून २०१९ ला करार झाला. मर्यादा गेली ती गेलीच.

त्या तीन हजारांत एक सूचना माझी होती. परदेशातल्या कोणीतरी तयार करून ठेवलेला मजकूर मी एका दुपारी वाचनालयाच्या संगणकावर उघडला, खाली वाचनालयाचे नाव टाकले आणि बटण दाबले. मला वाटले, चिटणीसपदाचे कर्तव्य पार पडले. पुढे या निर्णयाविरुद्धच्या फेरविचार अर्जांवर मत देताना आयकॅनच्या लोकपालांनी, म्हणजे संस्थेविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी, या सूचनांपैकी बऱ्याच सूचना यंत्राने पाठवलेल्या, नको असलेल्या टपालासारख्या असल्याचे मत नोंदवले. ते वाचून मला राग आला, आणि मग माझीच सूचना मी पुन्हा उघडून पाहिली. तिच्यात गिरगाव नव्हते, वाचनालय नव्हते, आमचे वार्षिक उत्पन्न नव्हते, नाव बदलावे लागले तर किती वर्गणीदारांच्या कार्डांवरचा पत्ता बदलावा लागेल हेही नव्हते. लोकपालांचे मत एकूण प्रकरणाला न्याय देणारे होते असे मी म्हणणार नाही, मात्र माझ्या पत्राला ते चपखल बसत होते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये बातमी आली की पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही एथॉस कॅपिटल नावाच्या नव्या गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरना विकली जाणार आहे. २०१२ ते २०१६ या काळात आयकॅनचे मुख्य कार्यकारी अधिकारी असलेले फादी चेहाडे हे त्या कंपनीचे सल्लागार असल्याचेही पुढे आले. इथे टीकाकाराची खरी कसोटी लागते. दर मर्यादा उठणे, पाठोपाठ विक्री जाहीर होणे आणि माजी प्रमुखाचे खरेदीदाराशी नाते असणे या तीन घटना ओळीने मांडल्या की वाचकाच्या मनात चौथे वाक्य आपोआप तयार होते. ते चौथे वाक्य आपण लिहू नये, कारण त्याचा पुरावा आपल्याकडे नसतो. लिहावे ते असे की वरिष्ठ पद सोडल्यानंतर ठरावीक काळ त्याच व्यवसायातल्या कंपनीशी संबंध ठेवू नये, असा बंधनकारक नियम मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या करारात घालावा. आपल्याकडे वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खाजगी नोकरी धरायची तर सरकारची परवानगी घ्यावी लागते. त्याला सगळे कूलिंग-ऑफ म्हणतात आणि मुंबईत मंत्रालयाच्या आसपास वावरणाऱ्या कोणालाही तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. आयकॅनच्या बाबतीत हा प्रश्न २०११ पासूनचा आहे. नव्या शेपटाच्या नावांची योजना मंडळाने जून २०११ मध्ये सिंगापूरला मंजूर केली आणि त्यानंतर थोड्याच काळात मंडळाचे मावळते अध्यक्ष त्याच व्यवसायातल्या एका कंपनीत रुजू झाले. मार्च २०१२ मध्ये कोस्टा रिकातील सभेत तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी रॉड बेकस्ट्रॉम यांनी स्वतः व्यासपीठावरून मंडळातील हितसंबंधांवर बोट ठेवले होते. त्याआधी २००२ मध्ये स्टुअर्ट लिन यांनीही त्याच खुर्चीत बसून संस्थेची घडी विस्कटल्याचा अहवाल लिहिला होता. या संस्थेवरची सर्वात बोचरी टीका कधीकधी तिच्याच प्रमुखांकडून आलेली आहे, आणि ती उद्धृत करणे हे आपल्या पत्राला बळ देणारे असते.

विक्रीचे पुढे काय झाले ते माहीत असेल. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी एप्रिल २०२० च्या मध्यात आयकॅनला पत्र पाठवून ही विक्री नाकारण्याचा आग्रह धरला आणि ३० एप्रिलला मंडळाने संमती नाकारली. वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात दरवर्षी ट्रस्टचे हिशेब घेऊन जाणाऱ्या माझ्यासारख्याच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला की त्या राज्यात सार्वजनिक संस्थांवर देखरेख ठेवणारा अधिकारी तो, म्हणजे जवळपास तिकडचा धर्मादाय आयुक्तच. आयकॅनवर अंकुश नाही असे आपण सरसकट म्हणतो, ते तितकेसे खरे नाही.

दर मर्यादेचे प्रकरण मात्र त्यानंतरही चालू राहिले. ग्राहकांना डोमेन नावे विकणाऱ्या नेमचीप या नोंदणी कंपनीने स्वतंत्र पुनर्विलोकनाची, म्हणजे बाहेरच्या पंचांच्या समितीपुढे दाद मागण्याची, प्रक्रिया सुरू केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्या समितीने निर्णय दिला की मर्यादा उठवताना आयकॅनने आपल्याच उपविधींचा भंग केला, कारण एवढा मोठा निर्णय मंडळाने जाहीर ठराव न करता, पारदर्शकता न पाळता होऊ दिला. म्हणजे तीन हजार पत्रांतला संताप जे करू शकला नाही ते ‘हा निर्णय घेतला कोणी’ या एका प्रश्नाने केले. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

वाक्याचा कर्ता शोधावा

सरकारी मराठीत वाढलेल्या आपल्या पिढीला कर्ता लपवण्याची कला अंगवळणी पडलेली आहे. ‘ठरविण्यात आले’, ‘निदर्शनास आणून देण्यात येत आहे’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’. आयकॅनची इंग्रजी निवेदने वाचताना मला याच भाषेचा वास येतो. ‘संस्थेने विचार केला’, ‘समुदायाचे म्हणणे लक्षात घेतले गेले’. अशा प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलने ‘कोणी?’ असे लिहीत जावे. उत्तर मंडळ असेल तर ठरावाचा क्रमांक आणि इतिवृत्त सापडते. उत्तर कर्मचारी असतील तर त्यांना तो अधिकार मंडळाने कधी दिला हे शोधावे लागते, आणि ते सापडले नाही तर न सापडणे हीच टीका होते.

एक मसुदा माझ्याकडे आला होता, त्याचे पहिले वाक्य असे होते: ‘आयकॅनचे नेतृत्व हुकूमशाही वृत्तीचे असून सामान्यांच्या आवाजाला तेथे काडीची किंमत नाही.’ लिहिणारी मुलगी हुशार होती, तिचा राग खरा होता. आम्ही दोघांनी दादरला एका उपाहारगृहात बसून तासाभरात ते वाक्य असे केले: ‘डॉट ऑर्गच्या ३० जून २०१९ च्या करारातून दरवाढीची १० टक्क्यांची मर्यादा वगळताना मंडळाने जाहीर मतदान घेतले नाही, आलेल्या सूचनांपैकी बहुसंख्य विरोधात असूनही त्या का नाकारल्या याचे मुद्देसूद उत्तर दिले नाही, आणि पुढे पुनर्विलोकन समितीने ही पद्धत उपविधींविरुद्ध ठरवली, तेव्हा यापुढे दरांशी संबंधित कोणताही करार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने मंडळाच्या जाहीर ठरावाशिवाय करू नये, अशी आमची मागणी आहे.’ वाक्य लांब झाले, पण ‘हुकूमशाही’ हा शब्द गेला तरी आरोप अधिक जड झाला, हे तिच्याही लक्षात आले. शेवटचा तुकडा विशेष महत्त्वाचा. मागणी नसलेले पत्र ‘आपल्या भावना पोहोचल्या’ एवढ्या उत्तराने निकाली काढता येते. ज्याला हो किंवा नाही म्हणावे लागते असे काहीतरी पत्रात हवे.

व्यक्तीचा उच्चार, तिचा देश, ती स्त्री आहे की पुरुष, तिचा विमानप्रवास कोणत्या वर्गाचा होता, हे सगळे गाळावे. प्रवासखर्चाचे धोरण लेखी असेल आणि ते मोडले गेले असेल तरच त्याचा उल्लेख करावा.

पगार आणि पैसा

पगारावर लिहिण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि विषय गैर नाही. अमेरिकेतील नफा न कमावणाऱ्या संस्थांना फॉर्म ९९० नावाचे विवरण दरवर्षी भरावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. आयकॅन ते आपल्या संकेतस्थळावर ठेवते. त्याच्या सातव्या भागात अधिकाऱ्यांची नावे आणि रकमा असतात, तर ‘जे’ (J) या अक्षराच्या परिशिष्टात मूळ पगार, कामगिरीवरचा भाग आणि इतर लाभ वेगळे केलेले असतात. विवरण बरेच उशिरा प्रसिद्ध होते, त्यामुळे चालू प्रमुखाच्या नावापुढे मागच्या प्रमुखाचा आकडा लावण्याची चूक सहज घडते. संस्थेचे आर्थिक वर्ष जुलै ते जून असते, आपले एप्रिल ते मार्च. आकडे जुळवताना ही गल्लत मी स्वतः केलेली आहे.

त्या आकड्याची तुलना नरिमन पॉइंटच्या पगारांशी करून काही साधत नाही. आयकॅनचे जाहीर धोरण असे की पगार तुलनात्मक बाजाराच्या ५० ते ७५ पर्सेंटाइलच्या दरम्यान असावेत. मग प्रश्न विचारायचा तो ‘तुलनात्मक’ या शब्दाबद्दल: ज्या संस्थेचे उत्पन्न स्पर्धेतून येत नाही, तिच्या प्रमुखाची तुलना नफ्यासाठी चालणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्यांशी कशासाठी? आणि कामगिरीवरचा भाग दिला तर ती उद्दिष्टे कोणती होती, त्यांतली किती पुरी झाली? उत्पन्न कोठून येते हेही पत्रात एका ओळीत लिहावे. सर्वसामान्य नावांच्या प्रत्येक वार्षिक नोंदणीमागे किंवा नूतनीकरणामागे नोंदणी कंपनीकडून एक शुल्क आयकॅनला जाते; अनेक वर्षे ते १८ सेंट होते, जुलै २०२५ पासून २० सेंट झाले. आमच्या वाचनालयाच्या पावतीतले हे जेमतेम काही रुपये. रक्कम क्षुल्लक आहे, पण ‘मी या संस्थेला दरवर्षी पैसे देतो’ हे वाक्य त्यामुळे खरे ठरते आणि पत्र लिहिणारा त्रयस्थ राहत नाही.

पाठवायचे कोठून

सर्वात सोपा मार्ग पत्राचा. मंडळाला आलेली पत्रे आयकॅन आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर प्रसिद्ध करते, त्यामुळे पत्र दोन पानांच्या आत, तारीख आणि संस्थेच्या पूर्ण नावासह असावे. धोरण किंवा अर्थसंकल्पाच्या मसुद्यावर सूचना मागवल्या असतील तर त्या मुदतीतच पाठवाव्यात. अर्थसंकल्पाचा मसुदा साधारणपणे डिसेंबरात येतो. एखादा कागद हवा असेल तर माहिती उघड करण्याच्या धोरणाखाली विनंती करता येते आणि तिचे उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते. आपल्या माहिती अधिकार कायद्याची मुदतही तितकीच, त्यामुळे अर्ज कसा लिहायचा याची सवय इथल्या कार्यकर्त्यांना आहेच: मत मागू नये, कागद मागावा. ‘मर्यादा का उठवली’ असे विचारले तर निवेदन मिळते. ‘मर्यादा उठवण्यापूर्वी मंडळाला सादर केलेली टिपणी द्यावी’ असे लिहिले तर टिपणी मिळते किंवा ती नाकारल्याचे कारण तरी मिळते, आणि नकाराचे कारण हा पुढच्या पत्राचा पहिला परिच्छेद असतो.

फेरविचार अर्जही ३० दिवसांतच करावा लागतो आणि निर्णयामुळे आपले प्रत्यक्ष नुकसान कसे झाले ते दाखवावे लागते. स्वतंत्र पुनर्विलोकन हा वकिलांचा आणि मोठ्या खर्चाचा प्रांत आहे; वाचनालयाने त्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा आयकॅनमधल्या बिगर-व्यावसायिक वापरकर्त्यांच्या गटाचे सदस्यत्व घ्यावे. ते विनाशुल्क आहे आणि व्यक्तीलाही मिळते.

राहिला सभेतला ध्वनिक्षेपक. नोव्हेंबर २०१६ मध्ये आयकॅनची ५७ वी सभा हैदराबादला झाली, तेव्हा मी रात्रीच्या गाडीने तिथे गेलो होतो. सार्वजनिक मंचावर प्रत्येकाला दोन मिनिटे असतात आणि समोरच्या पडद्यावर घड्याळ उलटे धावत असते. मी नाव सांगितले, वाचनालयाचा इतिहास सांगितला, अध्यक्षांचे आणि आयोजकांचे आभार मानले, आणि डोके वर करून पाहिले तर पडद्यावर अठ्ठावीस सेकंद उरले होते. प्रश्न अर्ध्यावर असताना वेळ संपली. मंचावरून हसतमुखाने ‘धन्यवाद’ आले आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाने पुढे पाऊल टाकले. (८ तारखेच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि खिशातल्या पाचशेच्या दोन नोटांनी परतीच्या प्रवासात जी फजिती केली, ती कथा वेगळी.) दोन मिनिटांत सावकाश बोलले तर दोनशे-अडीचशे शब्द होतात. त्यांतले पहिले दहा नावासाठी आणि संस्थेसाठी, पुढचे प्रश्नासाठी, उरलेले त्यामागच्या तारखांसाठी ठेवावेत. प्रश्न कागदावर लिहून, घड्याळ लावून, घरच्यांसमोर दोनदा वाचून पाहावा. भाषणाची आपल्याला मोठी हौस असते. तिथे ती घरी ठेवून जावी. आणि मंचावर मुख्य कार्यकारी अधिकारी उत्तर द्यायला सरसावला तरी प्रश्न अध्यक्षांना उद्देशून विचारावा: ‘मंडळाने हा ठराव कोणत्या बैठकीत केला?’

बोलून झाल्यावर तोच मजकूर त्याच दिवशी पत्र म्हणून पाठवावा, कारण सभेच्या शब्दांकनात आपली वाक्ये येतात, पण त्यांना उत्तर देण्याची जबाबदारी त्यात कोणावर येत नाही. पाठवल्याची तारीख वहीत लिहावी आणि तीस दिवसांनंतरच्या तारखेवर खूण करावी. पत्र तोपर्यंत पत्रव्यवहाराच्या पानावर दिसले नाही, तर पहिल्या पत्राची तारीख आणि विषय देऊन दोन ओळींचे दुसरे पत्र अध्यक्षांना पाठवावे आणि त्याची प्रत लोकपालांना द्यावी. माझे तिसरे पत्र अशा स्मरणपत्रानंतर अकराव्या दिवशी प्रसिद्ध झाले. त्याची छापील प्रत वाचनालयाच्या फाईलमध्ये, डोमेन नूतनीकरणाच्या पावत्यांच्या वर लावलेली आहे. कोणाला नमुना म्हणून पाहायची असेल तर संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय उघडे असते.